पुस्तकावरून काता शिकताना

बाय, पुस्तक उघडून पहिल्या चित्रासारखी उभी राहण्याआधी एक गोष्ट ध्यानात घे. कात्याच्या, म्हणजे कराटेतल्या ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या, पुस्तकातलं प्रत्येक चित्र हालचाल संपल्यावर घेतलेलं असतं. मूठ पोचलेली, पाय टेकलेला, कंबर थांबलेली. खरं काम त्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं आणि ते दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत असतं. पुस्तकावर शिकणारी मुलं एका चित्रातून दुसऱ्या चित्रात उडी मारतात. हातपाय जागेवर दिसतात, पण ठोशात जोर नसतो आणि वळताना तोल जातो. ही कोरी जागा कशी भरायची, तेवढंच मला तुला आणि तुझ्या धाकट्या भावाला सांगायचं आहे.

मुंबईला नोकरीत असताना मी शिकलो, तेव्हा समोर शिक्षक उभे असायचे. गुडघा आत वळला की लगेच त्यांचा हात गुडघ्यावर यायचा. देवगडात तशी सोय प्रत्येकाच्या दाराशी नाही. कणकवलीला जायचं तर येण्याजाण्यात अर्धा दिवस मोडतो, तुमच्या शाळा आहेत, आणि आंब्याच्या दिवसांत तर घरात पेट्या भरायलाही माणूस कमी पडतं. तेव्हा पुस्तकाचा आधार घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

कराटे ओकिनावाबाहेर पसरलं त्यात पुस्तकांचा मोठा हात आहे. ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर फुनाकोशी गिचिन १९२२ साली प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. त्याच वर्षी त्यांनी पहिलं पुस्तक काढलं. पुढच्या वर्षीच्या मोठ्या भूकंपात त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट झाले. १९२५ साली त्यांनी ते नव्याने छापलं, या खेपेला स्वतःची छायाचित्रं घालून. मग १९३५ मध्ये 'कराटे-दो क्योहान' हा मोठा ग्रंथ आला. ज्या माणसाने हाताला धरून शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यालाही छापील पानाची गरज वाटली. आपल्याकडे द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड मराठीत काढले आणि आखाड्यातली विद्या कागदावर आणून ठेवली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारावर पुस्तक लिहिलं. भिंतीवरच्या तक्त्यावरून सूर्यनमस्कार शिकलेली माणसं आपल्या गावातही आहेत.

पण नमस्कार आणि काता यांत एक फरक आहे, तो आधी समजून घे. नमस्कार घालणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दिशेला तोंड करून असतो. बाजूने काढलेल्या चित्रात सगळं दिसतं. काता चारी दिशांना वळतो. छायाचित्रकार एका जागी उभा, त्यामुळे कधी त्या माणसाची पाठ दिसते, कधी एकच खांदा, आणि तो समोरून तुझ्याकडे येत असेल तर त्याचा डावा हात पानावर तुझ्या उजव्या बाजूला असतो. मुलं इथेच फसतात. म्हणून आधी मजकूर वाच, चित्र नंतर बघ. कोणता पाय, कोणता हात, कोणती दिशा हे मजकुरात लिहिलेलं असतं. पेन्सिल घे आणि प्रत्येक चित्राच्या वर मोठ्या अक्षरात 'डावा' किंवा 'उजवा' लिही. पुस्तक खराब होईल याची भीती बाळगू नकोस. हे पुस्तक कपाटात ठेवायला घेतलेलं नाही.

पुस्तक कोणत्या शैलीचं आहे तेही पहिल्याच पानावर बघून ठेव. तू हेयान शोदान शिकणार आहेस. हेयानचे पाचही काते इतोसु आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळकरी मुलांसाठी बसवले, तेव्हा या कात्यांचं नाव पिनान होतं. फुनाकोशींनी जपानात नाव बदललं आणि पहिल्या दोन कात्यांचा क्रमही बदलला. फुनाकोशींच्या शोतोकान शैलीत जो हेयान शोदान, म्हणजे पहिला, तोच दुसऱ्या शैलींच्या पुस्तकात पिनान निदान, म्हणजे दुसरा असतो. हे माहीत नसलं तर दोन पुस्तकं समोर ठेवणारं पोर तासभर डोकं धरून बसतं. शिवाय काही ठिकाणी पवित्रे उंच, काही ठिकाणी खोल. फुनाकोशींच्या जुन्या छायाचित्रांत माणूस बराच ताठ उभा दिसेल. त्यांचे शिष्य नाकायामा मासातोशी यांच्या 'बेस्ट कराटे' मालिकेत पवित्रा लांब आणि खाली गेलेला आहे. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकदम तुझ्या अंगात मावणार नाहीत. एकच पुस्तक धर. शोतोकानसाठी मी नाकायामांच्या मालिकेचा पाचवा भाग देईन. त्यात पाचही हेयान आणि तेक्कीचे काते आहेत, आणि मधल्या जागेतली छोटी चित्रंही पुष्कळ आहेत.

हेयान शोदानमध्ये २१ हालचाली आहेत. आकड्याने घाबरू नकोस, कारण प्रकार पाचच आहेत. गेदान-बराई, म्हणजे खालचा वार बाजूला झाडणं, सहा वेळा येतं. ओई-झुकी, म्हणजे पाऊल टाकत मारलेला ठोसा, सात वेळा. मुठीच्या बुडाने हाणायचा तेत्सुई एकदा, वर अडवणारा आगे-उके तीन वेळा, आणि शेवटी उघड्या पंजाच्या कडेने अडवायचा शुतो-उके चार वेळा. हे पाच प्रकार आधी जागच्या जागी उभं राहून घोटून घे. हात धड जमले नसताना दिशा पाठ करायला गेलीस तर दोन्ही अर्धवट राहतील.

दिशांसाठी खळ्यात खडूने आकृती काढ. एक उभी रेघ, तिच्या दोन्ही टोकांना एकेक आडवी रेघ. यालाच एम्बुसेन म्हणतात. साधारण पाच मीटर लांब-रुंद जागा पुरते. खालच्या आडव्या रेघेच्या मध्यावर, उत्तरेकडे तोंड करून उभी राहा. आता डाव्या हाताला समुद्र आहे, उजव्या हाताला सडा, पाठीमागे घर. पुस्तकातलं डावं-उजवं मनात उलटसुलट करत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. पहिल्या दोन हालचाली समुद्राकडे. मग पूर्ण मागे वळून तीन सड्याकडे. तिसरी, चौथी आणि पाचवी, त्यातली चौथी ती मुठीची. मग उत्तरेकडे वळून सहावी, आणि पुढे तीन आगे-उके. तिसऱ्याला, म्हणजे नवव्या हालचालीला, पहिला किआई, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. दहा आणि अकरा सड्याकडे, बारा आणि तेरा समुद्राकडे. चौदाव्याला घराकडे तोंड, आणि तीन ठोसे मारत परत ये. सतराव्याला दुसरा किआई. उरलेले चार शुतो. पहिला समुद्राकडे, दुसरा समुद्र आणि उत्तर यांच्या मधे, तिसरा सड्याकडे, चौथा सडा आणि उत्तर यांच्या मधे. संपलं.

एक मात्र कर. महिन्याभराने आकृती पुसून टाक आणि दुसऱ्या दिशेला तोंड करून तोच काता कर. नाहीतर शरीर काता शिकायच्या ऐवजी माड, विहीर आणि पायरी पाठ करतं, आणि परक्या जागी गेल्यावर दुसऱ्याच वळणाला अडकतं.

आता वळणं. पुस्तकावरून शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी अडचण हीच, कारण वळण चित्रात येतच नाही. नवव्या चित्रात माणूस समोरून दिसतो, दहाव्यात बाजूला तोंड करून उभा, आणि मधे काय झालं ते एका बाणावर भागवलेलं. तो बाण नीट बघ. हेयान शोदानमध्ये एक नियम धरून ठेवता येतो. पाव वळण असो की अर्धं, उचलतो तो पुढचा पाय, मागचा जागेवर फिरतो. पाऊण वळण असेल, म्हणजे नवव्यानंतरचं आणि सतराव्यानंतरचं, तेव्हा पुढचा पाय जागेवर फिरतो आणि मागचा पाय पाठीमागून वळसा घेऊन येतो. शेवटच्या तिसऱ्या शुतोला तिरकं वळायचं आहे, तिथेही पुढचाच पाय हलतो. सुरुवातीला चारपाच दिवस हात कमरेवर ठेवून फक्त पाय चालव. वळताना आधी मान फिरव, नजर नव्या दिशेला लाव, मग पाय हलव. नजर आधी गेली की कंबर आपोआप मागोमाग येते. पाऊण वळणात घाई करणारे सगळे एकाच कारणाने डोलतात. पाय निघालेला असतो आणि डोळे अजून मागेच असतात.

हातांची कोरी जागा त्याहून बारीक. गेदान-बराईच्या चित्रात मूठ गुडघ्याच्या वर थांबलेली दिसते. ती तिथे आली कुठून? विरुद्ध खांद्याच्या वरून, जवळजवळ कानापासून. चांगल्या पुस्तकात हे एका लहान चौकटीतल्या चित्रात दिलेलं असतं, आणि मुलं नेमकी तीच चौकट ओलांडून जातात. तसंच दुसऱ्या हाताचं. पुढे जाणाऱ्या हाताइतकाच मागे कमरेला येणारा हात जोरात ओढायचा, त्याला हिकिते म्हणतात. चित्रात तो हात नुसता कमरेला ठेवल्यासारखा दिसतो, म्हणून मुलं तो तिथे ठेवूनच देतात आणि ठोसा एकट्या खांद्यातून मारतात. तू प्रत्येक चित्रापाशी स्वतःला विचार, हा हात इथे येण्याआधी कुठे होता, आणि दुसरा हात त्याच वेळी काय करत होता? उत्तर मिळालं नाही तर त्या चित्राच्या बाजूला फुली मार आणि पुढे चल. त्या फुल्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो.

आपल्याकडे एक सोय आहे जी शहरातल्या मुलांना मिळत नाही. ओहोटीला पुळणीवर जा. भरतीचं पाणी नुकतंच उतरलेली, ओली, घट्ट वाळू शोध. पवित्रा घे, आणि त्यातून बाजूला होऊन आपल्या पावलांचे ठसे बघ. झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून घेतलेल्या पवित्र्यात, दोन पावलांमधली लांबी आपल्या खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट हवी. मोठ्या माणसाला ती ८० सेंटीमीटरच्या आसपास भरते, तुला अर्थातच कमी. दोन्ही ठसे एकाच रेघेत पडले असतील तर कोणी नुसता हात लावला तरी पडशील. त्यांच्यात कमरेएवढं आडवं अंतर पाहिजे. पुढच्या पावलाचा ठसा थोडा खोल हवा, कारण वजनाचा साधारण ६० टक्के भार तिकडे असतो. शेवटच्या चार शुतोंसाठी कोकुत्सु-दाची आहे. तिथे उलट मागचा ठसा खोल, साधारण ७० टक्के भार मागे, आणि दोन्ही टाचा एका रेघेत. मागच्या पावलाची बाहेरची कड वाळूत जास्त रुतली असेल तर गुडघा बाहेर लोंबतोय असं समज. असा तपास आरसाही करू देत नाही.

पण वाळूवर पवित्रेच तपास, वळणं तिथे शिकू नकोस. पाऊल रुतून बसतं, अंग फिरतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. वळणं गुळगुळीत, कोरड्या जमिनीवर, पडवीत किंवा शाळेच्या सभागृहात. सुक्या भुसभुशीत वाळूवर काहीच नको. सड्यावरच्या कातळावर अनवाणी केलंस तर तळपाय सोलून निघतात, आणि पावसात त्याच कातळावर शेवाळ धरतं, तिथे तर पाऊलसुद्धा टाकू नये. खडकाजवळच्या वाळूत कालवांच्या शिंपल्या असतात, आधी पायाने चाचपून घे.

शिक्षक नसताना स्वतःला तपासायची आणखी एक जुनी युक्ती आहे. हेयान शोदान जिथे सुरू होतो तिथेच संपायला हवा. पुढे जाताना तीन पावलं आहेत, परत येतानाही तीन. सुरुवातीच्या जागेवर खडूची फुली कर आणि काता संपल्यावर खाली बघ. एक पाऊलभर पुढे किंवा मागे उभी असशील तर कुठेतरी पावलं लहानमोठी पडताहेत. बहुतेक वेळा पुढे जाताना आगे-उके करताना पावलं आखूड पडतात, कारण लक्ष वर हाताकडे असतं, आणि परत येताना ठोशाच्या ओघात ती लांब होतात. हे तुला कुणी सांगायला नको, जमीनच सांगेल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा तुझे काका घरी असतात. त्यांना समोर उभं कर. सावकाश, अगदी सावकाश, पोटाकडे लाथ किंवा छातीकडे ठोसा घेऊन यायला सांग आणि त्यावर कात्यातली हालचाल करून बघ. समोर माणूस नसेल तर आगे-उकेचा हात कुठेही थांबतो, कधी नाकासमोर, कधी डोक्याच्या वर. खरा हात तोंडाकडे येतो आहे असं दिसलं की तुझा हात आपोआप कपाळाच्या पुढे, मुठीएवढं अंतर ठेवून थांबायला शिकतो. भाऊ धाकटा आहे, त्याच्याशी हे करू नकोस. त्याला सावकाश म्हणजे काय ते अजून कळत नाही.

मोबाइलवर स्वतःचं चित्रण कर आणि ते पुस्तकाशी ताडून बघ. इतरांचे काते बघायचे तर बघ, पण सावधपणे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये कात्याचं सुवर्णपदक जिंकणारे कियुना र्यो हे ओकिनावाचेच. त्यांचा काता डोळे भरून बघावा असा आहे, पण त्यांची शैली वेगळी, आणि स्पर्धेतला काता परीक्षकांना दिसावा म्हणून केलेला असतो. तिथले लांब थांबे, डोळे वटारणं, मोठ्याने सोडलेले श्वास हे उचलू नकोस. ते त्यांच्या कित्येक वर्षांच्या कामावर उभं आहे. तुझ्या पाचव्या महिन्यावर ते उभं राहणार नाही.

काही गोष्टी मी कडक शब्दांत सांगतो. ठोसा हवेत मारताना कोपर शेवटी झटक्याने ताठ करू नकोस, किंचित वाकलेला राहू दे. कोपराचं दुखणं वर्षानुवर्षं जात नाही. गुडघा नेहमी पायाच्या बोटांच्या दिशेने. आंब्याच्या खोडावर ठोसे मारून मुठी कडक करायचं वेड मुलांना लागतं, ते तुझ्या वयात अजिबात नको. हाडं अजून वाढताहेत. पुस्तकावरून फक्त काता शिकावा आणि पवित्रे शिकावेत. कुमितेत म्हणजे लढतीत, फेकण्यात आणि सांधे मुरगळण्यात पुस्तकावर विसंबून कुणाच्या अंगाला हात लावू नये.

आणि नवीन पान उलटायची घाई नको. फुनाकोशींनी तेक्कीचे तीन काते शिकायला दहा वर्षं घालवली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. तेवढी वर्षं तुला मागत नाही. पण हेयान निदानमध्ये बाजूची लाथ आहे हे पाहून मुलं पहिला काता अर्धा टाकून तिकडे धावतात आणि मग दोन्ही अर्धे राहतात. रोज थोडं कर. तीन वेळा केलंस तरी चालेल. एकदा फक्त पायांनी, एकदा सावकाश, प्रत्येक हालचालीला थांबून आणि कोरी जागा मनात बोलत, आणि एकदा नेहमीच्या वेगाने, दोन्ही किआई पूर्ण श्वासाने. किआई घशातून काढू नकोस, घसा बसेल. पोट आवळून काढ.

आता त्या फुल्या. पुस्तकातल्या ज्या चित्रांपाशी तुझं अडलं, त्या सगळ्यांची एक वहीत यादी कर. गणपतीत किंवा मे महिन्यात मुंबईहून, कोल्हापूरहून कुणी जाणतं माणूस येतं, किंवा तुला कणकवलीला, रत्नागिरीला जायची संधी मिळते, तेव्हा ती वही बरोबर ने. शिक्षकाच्या समोर 'मला सगळं येतं' असं न म्हणता 'या सात ठिकाणी मला दोन चित्रांच्या मधलं कळलं नाही' असं म्हण. कोणताही खरा शिक्षक अशा मुलीला उभं राहून शिकवेल. तो जर म्हणाला की तुझ्या पुस्तकात आहे तसं आमच्याकडे नाही, तर वाद घालू नकोस. पुस्तक घरी ठेव आणि तो सांगेल तसं कर. त्याला तुझा गुडघा दिसतो, पुस्तकाला दिसत नाही. पट्टा मात्र पुस्तकावरून कधीच मिळत नाही. तो हवा असेल तर शिक्षकाकडे रीतसर नाव घालावं लागेल, परीक्षा द्यावी लागेल, आणि त्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागली तरी मन खट्टू करून घेऊ नकोस.

पहिल्या दिवशी शिक्षक विचारतील, कोणते काते येतात? एकाचंच नाव सांग, हेयान शोदान, आणि करून दाखव. म्हणून या पावसाळ्यात दुसरा काता उघडायचा नाही, तुझ्या भावालाही उघडू द्यायचा नाही.